हवालदार मामांचा पीळ

“अहो कंडक्टर, पिरंगुटपासून हा म्हातारा माझ्या पाठीवर डोळे रोवून बसलाय आणि तोंडाने काहीतरी पुटपुटतोय. याला आधी चौकीत द्या, मग बाकीची माणसं उतरवा.”

पौडच्या स्टँडवर लाल डबा थांबला होता, त्याच्या दारात पुण्याहून येणाऱ्या एक शिक्षिकाबाई उभ्या होत्या, आणि त्यांचा आवाज तहसील कचेरीतल्या माझ्या टेबलापर्यंत पोचत होता. मी तिथे कारकून. हातातला शिक्का तसाच खाली ठेवून मी धावत सुटलो, कारण म्हातारा, पाठ आणि पुटपुट ही लक्षणं एका जागी जमली की तो इसम आमचाच नातलग असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गाडीत चढून पाहतो तर शेवटच्या बाकावर, पाठ लाकडाला घट्ट टेकवून, हवालदार मामा ताठ बसलेले. भोवती निम्मा स्टँड गोळा झालेला. एका पैलवानाने तर बाह्या सारल्या होत्या. मामा मला पाहून म्हणाले, “जावईबापू, बरं झालं आलात. बाईंना म्हणावं, जरा पाठ फिरवा. खालची किनार बघायची ऱ्हायलीय.”

यावर बाईंनी जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिक्षणखात्याबद्दलचा माझा आदर मात्र त्या दिवशी दुणावला. मामांवर काही परिणाम नाही. बाई रागाने गर्रकन वळल्या तेवढ्यात मामांनी त्यांच्या स्वेटरची किनार पाहून घेतली आणि न्यायाधीशाच्या सुरात निकाल दिला, “सोडा त्यांना. चोरीचा न्हाई. बाजारी नमुना हाय.” हे त्यांनी अशा काही अधिकाराने म्हटलं की जमलेल्या माणसांची नजर बाईंकडेच वळली. भाजीवाल्या दोन बाया तर पुढे होऊन त्यांची पाठ चाचपायला लागल्या. “सुटल्या बिचाऱ्या,” असं एकजण म्हणालासुद्धा.

मुळशी तालुक्यात पाऊस जास्त की संशय जास्त, असा वाद कोणी काढला तर मी डोळे मिटून संशयाच्या पारड्यात बसेन, आणि त्या संशयातला अर्धाअधिक वाटा एकट्या आमच्या या चुलत सासऱ्यांच्या मालकीचा होता असं शपथेवर सांगेन. माझे सख्खे सासरे कासार आंबोलीला मेंढरं राखून होते. हवालदार मामा त्यांचे धाकटे भाऊ. पलटणीत आयुष्य घालवून, पेन्शन आणि एक आखडता पाय घेऊन ते गावी परतले होते. पाय कसा आखडला याच्या दोन हकिकती होत्या. मामांच्या हकिकतीत गोळी होती, गावाच्या हकिकतीत खेचराची लाथ होती. मी जावई असल्यामुळे मामांसमोर गोळी मानत असे आणि गावात खेचर. पण दोन्ही हकिकती एका ठिकाणी जुळत, ते म्हणजे लष्करी इस्पितळ. तिथे पडल्या पडल्या जवानांचे हात रिकामे राहू नयेत म्हणून कोणा परिचारिकेने त्यांच्या हातात सुया आणि लोकर दिली. बाकीच्या जवानांनी एकेक मफलर कसाबसा पुरा केला आणि बरे होऊन निघून गेले. मामा मफलरवरून मोज्यांवर, मोज्यांवरून स्वेटरवर गेले आणि पाय बरा झाल्यावरही इस्पितळ सोडायला तयार होईनात. एका जवानाला कॉटसकट उचलून बाहेर ठेवण्याची पलटणीच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ, असं ते अभिमानाने सांगत.

आता विचार करा. डोक्यावर पटका, ओठावर झुपकेदार मिशा, आणि पारावर बसून स्वेटर विणणारा पुरुष. गावाने आधी मान्य केलं की हवालदाराच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग कोणीतरी शोध लावला की तो करणी करतोय, कारण तो सुया हलवताना मंत्र म्हणतो. मंत्र कसला, ती कवायत होती. मामा नमुना कधी कागदावर उतरवत नसत. कागद चोरता येतो, असं त्यांचं म्हणणं. ते नमुना पाठ करत आणि विणताना हुकूम सोडत, “सुलट, सुलट, तीन आगे, दाहिने मूड, उलट, थम.” रात्री अंथरुणातही हे चाले. शेजारच्या म्हातारीने तीर्थ शिंपडलं, अंगारा लावला, शेवटी तीच सुलट-उलट टाके शिकून गेली. तेव्हापासून मामांचा तिच्यावरही संशय.

सुया विकतच्या चालत नसत. सायकलची तार काढायची, दगडावर घासून टोक आणायचं, खोबरेल लावायचं. परिणामी गावात कोणाच्याही चाकातली तार तुटली की तो माणूस सायकल हातात धरून सरळ मामांच्या दारात. “हवालदार, माझी तार?” मामा शांतपणे विचारत, “कंच्या नंबरची?” लोकरीचं तर विचारूच नका. बाजारातली रंगीत लोकर त्यांना खपत नसे. “वशिंडावर हात न फिरवता बैल घ्यावा का?” असा त्यांचा सवाल. ते भावाच्या कळपात शिरून एकेका मेंढराची मुलाखत घेत, कानामागचे केस चिमटीत धरून बघत, आणि जे मेंढरू नजरेला नजर देत नाही त्याची लोकर नाकारत. त्या लोकरीचा पहिला स्वेटर मला जावई म्हणून दिवाळीत मिळाला. मी तो दिवसभर घातला. संध्याकाळी कचेरीत साहेबांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना? अंगावर काटा का आलाय?” काटा माझा नव्हता, स्वेटरचा होता. तो काढून भिंतीशी ठेवला तर आपला आपण उभा राहिला. आमच्या मांजराने वर्षभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

पण खरी गोष्ट सुरू झाली ती मामांना दुसऱ्यांचे नमुने उतरवायचा कंटाळा आला तेव्हा. त्या काळी विणणाऱ्या बायकांत एक अलिखित रिवाज होता. नमुना आवडला की त्या स्वेटरवालीच्या मागच्या बाकावर जाऊन बसायचं आणि उतरेपर्यंत टाके मोजून घ्यायचे. विचारायचं नाही, सांगायचं नाही. चांदणी चौक ते पौड एवढ्या अंतरात एक चांगली बाई पाठीवरचा अख्खा नमुना उचलून घरी घेऊन जात असे. मामांनीही आयुष्यभर हेच केलं होतं. म्हणून तर आपलं स्वतःचं काही बनवायचं ठरवल्यावर त्यांना पहिली धास्ती पडली ती ही की आता आपली पाठ उघड्यावर आली.

त्यांना हवा होता पीळ. पीळ म्हणजे स्वेटरवर दोरखंडासारखे वळत जाणारे ते उठावदार पट्टे. करायला सोपे वाटतात. तीन टाके एका जादा सुईवर घेऊन पुढे टांगून ठेवायचे, त्यांच्या मागचे तीन आधी विणून घ्यायचे, मग टांगलेले विणायचे, की पडला पीळ. पुढे टांगले तर एका बाजूला वळतो, मागे टांगले तर दुसऱ्या. पण असे पीळ सगळ्या जगाच्या पाठीवर होते. मामांना जगाच्या पाठीवर नसलेला पीळ हवा होता. ते महिना-महिना विणत, उसवत, पुन्हा विणत. इतकं की लोकर उसवून उसवून मऊ झाली, आणि टोचेना म्हणून मामांना तिचाही संशय यायला लागला.

मग एके सकाळी थोरले भाऊ मेंढरं वाड्यातून बाहेर काढत होते. कुंपणाची खिंड अरुंद. त्यांनी काठी आडवी धरून तीन मेंढरं अडवली, मागची तीन आधी जाऊ दिली, मग अडवलेली सोडली. मामा दात घासत होते. तोंडातली राख तशीच ठेवून ते ओरडले, “दादा, फिरून कर.” त्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी दुपारपर्यंत मेंढरं वाड्यात घातली आणि बाहेर काढली. मामा कधी म्हणत तीन अडव, कधी म्हणत दोन अडव आणि एकाला मधनं सोड. दोन कळप एकमेकांत शिरून पुन्हा वेगळे होतात, पण मधलं एक मेंढरू कोणाचंच नसतं, ते इकडून तिकडे जात राहतं, असा काहीसा तो नमुना बनला. दुपारी मेंढरं भुकेने ओरडायला लागली तेव्हा सासऱ्यांनी काठी टाकली आणि म्हणाले, “सुभेदार हो न्हाईतर जनरल हो, मेंढरं माझी हायेत.” पण पीळ जमला होता. मी तो पाहिला आहे. खरं सांगतो, नातं बाजूला ठेवून सांगतो, तसा पीळ मी पुन्हा कोणाच्या अंगावर पाहिला नाही. पाठीवर कळप चालल्यासारखा वाटे.

आणि मामांनी त्यात एक चोरखूण घातली. डाव्या खांद्याखाली एका ठिकाणी टाके पुढे टांगण्याऐवजी मागे टांगले, म्हणजे तिथे तो पीळ नेमका उलटा वळला. उतरवणारा चोर डोळे झाकून चूकही उतरवणार, आणि सापडणार. हे गुपित त्यांनी मला एकट्याला सांगितलं, तेही आधी आठवडाभर माझ्यावर पाळत ठेवून. “तुमाला विणता येत न्हाई, म्हनून सांगतुया,” असा त्यांनी माझा गौरव केला.

पुढे बंदोबस्त सुरू झाला. बाहेर जाताना ते तो स्वेटर उलटा घालत. तरी कोणीतरी त्यांना सांगितलं की हुशार बाया उलट्या बाजूवरूनही नमुना वाचतात. झालं, पुढची बाजू हाताची घडी घालून झाकायची ठरली आणि मामांनी जगाकडे पाठ करणंच सोडलं. हॉटेलात भिंतीला टेकून बसायचं, एसटीत शेवटचा बाक, देवळात सगळ्यांच्या शेवटी जायचं आणि देवाकडे तोंड ठेवूनच मागे मागे बाहेर यायचं. पुजाऱ्याला वाटलं भक्ती वाढली. रॉकेलच्या रांगेत तर कमाल. रांगेत मामा कायम शेवटी. मागे कोणी येऊन उभं राहिलं की मामा वळून म्हणत, “तुमी व्हा पुढं.” गावात त्यांच्या सौजन्याची ख्याती झाली, पण घरात रॉकेल काही येईना. शेवटी माझी बायको त्यांचा डबा घेऊन रांगेत उभी राहू लागली. त्यांनी तिलाही विचारलं, “रांगेत माज्याबद्दल कोन इचारत हुतं?”

संशयितांची यादी त्यांच्या तोंडपाठ होती. पोस्टमन, कारण तो मागून हाक मारतो. न्हावी, कारण त्याचा धंदाच मागे उभं राहायचा. नव्या बंगल्यांचे पुणेकर मालक, कारण ते शनिवारीच का येतात. पण साऱ्या मुलखात विणकाम जाणणारं एक माणूस असं होतं की ज्याचं नाव त्या यादीत कधी आलं नाही, कारण मामा ते नावच उच्चारत नसत.

मामांना एकच लेक, हिरा. आई लवकर गेली, मामा सुट्टीवर येत तेव्हा तिला समोर बसवून विणायला शिकवत. बापलेक एकाच गुंड्यातून दोन टोकांनी विणत बसलेली मी लग्नाआधी, मुलगी पाहायला गेलो तेव्हा पाहिली होती. मामा पेन्शनवर आले आणि वर्षाच्या आत हिराने भऱ्याच्या बौद्धवस्तीतल्या, पिरंगुटला कारखान्यात कामाला असलेल्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा सरळ, मेहनती. पण मामांनी मिशीवर हात ठेवून जाहीर केलं, “तिचं तोंड बघनार न्हाई.” सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, असा तो मामला. माझी बायको भऱ्याला जाई, येई. मीही हिराच्या नवऱ्याला ओळखत होतो. मामांपुढे आम्ही दोघं भरे नावाचं गावच नकाशावर नसल्यासारखं बोलत असू. बायको मात्र रोज रात्री देवाला हात जोडून एकच मागणं मागे, की या बापलेकींपैकी कोणी जायच्या आधी एकदा समोरासमोर यावं.

आणि त्या पावसाळ्यात जायची वेळ जवळजवळ आलीच. मामांना न्यूमोनिया झाला. पौडच्या एका दवाखान्यात आम्ही त्यांना घातलं तेव्हा अंगात चटके बसावेत असा ताप होता आणि त्यावर तो स्वेटर, नेहमीसारखा उलटा. डॉक्टरांनी काढायला सांगितलं तर मामा म्हणाले, “माजं कातडं काढा, ह्यो न्हाई निगायचा.” डॉक्टरांनाही यादीत जागा मिळाली. बायको दिवसभर बसे आणि दुपारी जेवायला घरी येई. तेवढ्या वेळात हिरा येऊन बसे. बायकोनेच निरोप धाडला होता. मामा भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. हिरा स्टुलावर बसून राही, हाक मारत नसे, पुढे येत नसे. बायको परत यायच्या वेळेला उठून जाई.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली होती. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी संध्याकाळी गेलो तर मामांच्या अंगातला स्वेटर सुलटा होता. पीळ बाहेर, पाठ दारापर्यंत मोकळी. बायकोला विचारलं तर म्हणाली, “अवो, तापात घामाघूम झाले असतील, कुणी बदलून घातला असंल.” त्या अंगातला स्वेटर बदलायची त्या दवाखान्यात कोणाची छाती नव्हती. पण मी गप्प बसलो. जावयाने सगळेच संशय बोलून दाखवायचे नसतात.

मामा वाचले. थंडी पडली. एक दिवस त्यांना दवाखान्यात तपासून आणून मी त्यांच्यासोबत कासार आंबोलीच्या गाडीत बसलो. शेवटचा बाक, पाठ लाकडाला. गाडी सुटता सुटता पुढच्या दाराने एक उंचापुरा माणूस धावत चढला. त्याने गाडीभर नजर टाकली, आम्हाला पाहिलं आणि तो चटकन पुढच्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून बसला. मी ओळखलं. हिराचा नवरा. मामांनी त्याला कधीच पाहिलेलं नव्हतं. चेहरा ओळखायचा प्रश्नच नव्हता.

पण पाठ? त्याच्या पाठीवर कळप चालला होता.

मामांचा हात माझ्या मांडीवर येऊन पडला. चिमटा म्हणतात तो हा नव्हे, ही सांडशी. “डावा खांदा बघा,” ते पुटपुटले. मी बघितलं. खांद्याखाली पीळ उलटा वळलेला. स्वच्छ, ठळक, कोणीही म्हणेल मुद्दाम केल्यासारखा. मी म्हणालो, “मामा, असेल योगायोग, बाजारात मिळतात असले.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच माझ्यावर संशय घेऊ लागलो. कासार आंबोली आली. मी उठलो. मामा उठले नाहीत. कंडक्टर म्हणाला, “हवालदार, आलं गाव.” मामा म्हणाले, “गावाला म्हणावं थांब.”

भऱ्याच्या फाट्यावर तो उतरला, आम्ही उतरलो. आता नजरेपुढे आणा. पुढे तो बिचारा, मान न वळवता, ताडताड चाललेला. त्याच्या मागे मामा, एक पाय ओढत, हुकूम पुटपुटत. त्यांच्या मागे मी, दोघांच्या मध्ये पडायची वेळ आली तर कोणाचा फटका आधी बसेल याचा हिशेब करत. मारामारीच होणार, हे मी धरून चाललो होतो. आज लेक कायमची तुटणार आणि घरी गेल्यावर बायको मला जाब विचारणार. मध्येच मामा मोठ्याने म्हणाले, “ए गड्या, जरा दमानं चाल. टाका दिसंना.” आणि तो खरोखर हळू झाला. बोलला नाही, वळला नाही, पण पाठ स्थिर ठेवून, डोक्यावर भरलेली घागर असावी तसा चालू लागला.

घराच्या अंगणात हिरा सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. नवरा तिच्याजवळ जाऊन नुसतं म्हणाला, “मागं बघ.” तिने बघितलं. सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि उभी राहिली. मामा अंगणाच्या कडेला थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दाराच्या खांबाकडे पाहून त्यांनी चौकशी सुरू केली.

“ह्या घरात इनतं कोन?”

“मी,” हिरा म्हणाली.

“नमुना कुनाचा?”

“तुमचा.”

“उचलला कुटनं?”

“पाठीवरनं. दवाखान्यात.” मग म्हणाली, “तोंड बघनार न्हाई म्हनला व्हता तुमी. पाठीचं काय बोलला न्हवता.”

मामांची मिशी हलली. राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही. “डाव्या खांद्याखाली पीळ उलटा घातलास.”

“तुमच्यात हाय तसा घातला.”

“चूक हाय ती.”

“चूक न्हाई, आबा. चोर धरायची खूण हाय. मला बघताक्षणी कळलं.”

“कळलं, मग घातलीस कशाला?”

“धरावं म्हनून.”

कोंबड्या येऊन सुपातले तांदूळ टिपायला लागल्या, त्यांना कोणी हाकललं नाही. हिराचा नवरा अजून आमच्याकडे पाठ करून उभाच होता. त्याला कोणी वळायची परवानगी दिली नव्हती. शेवटी मामा त्याला म्हणाले, “पिच्छे मूड.” तो वळला. सासऱ्या-जावयाची ती पहिली गाठ. मामांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली स्वेटरकडे, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुढची बाजू साधी होती. सरळ सुलट-उलट, एकही पीळ नाही. पाठीवर अख्खा कळप आणि छातीवर उजाड माळ.

“ह्ये काय?”

“पुढनं बघायलाच मिळालं न्हाई,” हिरा म्हणाली.

तिने घोंगडी अंथरली, चहा टाकला. मी श्वास रोखून बसलो, कारण त्या घरचं पाणी मामा घेतील का, या प्रश्नावर मी माझा जुना सायकलचा दिवासुद्धा पैजेला लावला नसता. मामांनी कपाकडे संशयाने पाहिलं, वास घेतला, “साखर लई घातलीस,” असं म्हणाले आणि बशीत ओतून प्याले. दुसऱ्यांदा विचारल्यावर पुन्हा प्याले. निघताना हिरा पाया पडली तेव्हा त्यांनी पायांकडे पाहत तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोटांनी तिच्या पदराची वीण कशी आहे ते नकळत चाचपून पाहिलं.

आता हवालदार मामा नाहीत. बंगल्यांच्या भिंती मेंढरांच्या वाटेपर्यंत आल्या, कळप विकले गेले, आणि गाडीत पुढच्या माणसाची पाठ बघत बसावं असं कोणी काही घालतही नाही. तरी हिवाळ्यात एसटीचा शेवटचा बाक रिकामा दिसला की मी तिथे जाऊन बसतो. एवढी वर्षं झाली, पण एक संशय माझ्या मनातून जात नाही. प्रत्येक विणणाऱ्याचा हात वेगळा असतो. टाका कोण घट्ट ओढतं, कोण सैल सोडतं, हे मामा वीस पावलांवरून सांगत. मग हिराचा हात, जो त्यांनी स्वतः घडवला होता, त्यांनी गाडीत बसल्या बसल्या ओळखला नसेल? आणि त्या तापात तो स्वेटर सुलटा कोणी केला?

भऱ्याला गेलो त्याच दिवशी, परतीच्या गाडीत, अंधार पडता पडता, मी धीर करून त्यांना विचारलं होतं. म्हटलं, “मामा, खरं सांगा. दवाखान्यात ती मागे येऊन बसायची, तेव्हा तुम्ही जागे होतात का?”

मामा खिडकीबाहेर बघत होते. तसेच बाहेर बघत म्हणाले, “पुढची बाजू कोरी ऱ्हायलीय तिची. मंगळवारी जावं लागंल.”